‘शुक्रतारा’ कुणाचा? साठच्या दशकातली मराठी गाणी आणि राज्याबाहेरची माणसं

मराठी मंडळ बेळगावातलं असो, इंदुरातलं असो की वडोदऱ्यातलं, गणेशोत्सवातली एक संध्याकाळ ‘जुन्या मराठी गाण्यां’साठी राखलेली असतेच. पेटी, तबला, एक की-बोर्ड, दोन गायक आणि एक निवेदक. पहिल्या दोन रांगा पासष्टीच्या पुढच्या. गाणी बहुतेक १९६० ते १९७० च्या दरम्यानची आणि निवेदकाचे किस्सेही ठरलेले : पुण्यात अमुक घडलं, मुंबईच्या स्टुडिओत तमुक घडलं. समोरची मंडळी पाहुण्यांच्या घरचा फोटो अल्बम बघावा तशी कौतुकाने ऐकतात.

अल्बम मात्र त्यांच्याही घरचा आहे. साठच्या दशकातल्या लोकप्रिय मराठी संगीताचा हिशेब मांडायला बसलं, तर जमेच्या बाजूला महाराष्ट्राबाहेरची नावं इतकी निघतात की ‘पुण्या-मुंबईचा सुवर्णकाळ’ हे शीर्षक अपुरं वाटायला लागतं. ही गाणी घडवणारे अनेकजण आज ज्याला ‘बाहेर’ म्हणतात तिथले होते, आणि ऐकणारेही.

एका गाण्याचे चार पत्ते

‘शुक्रतारा’ या नावाने ओळखलं जाणारं युगुलगीत घ्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीवरून ते लोकांपर्यंत पोचलं आणि आजही कार्यक्रमात नसलं तर प्रेक्षक चिठ्ठी पाठवून मागतात. कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, म्हणजे गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या तालुक्यातले. संगीतकार श्रीनिवास खळे यांचा जन्म मुंबईचा, पण लहानपण आणि गाण्याचं शिक्षण वडोदऱ्याचं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तिथे सुरू झालेल्या गायनशाळेने पश्चिम भारताला किती कलावंत दिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गायिका सुधा मल्होत्रा दिल्लीत जन्मलेल्या, पंजाबी घरातल्या. आणि गायक अरुण दाते इंदूरचे.

दात्यांचं घर म्हणजे इंदूरच्या गाणं ऐकणाऱ्यांचा अड्डाच. वडील रामूभैय्या दाते यांची ख्याती गायक म्हणून नव्हे, तर ऐकणारा म्हणून होती. पु. ल. देशपांडे यांनी त्यांच्यावर व्यक्तिचित्र लिहिलं, ते या ‘कानसेनी’साठीच. मुलगा शिकून टेक्स्टाइल इंजिनिअर झाला, गिरणीत नोकरीला लागला, रेडिओवर गाऊ लागला तो उर्दू गझला. मराठी गाण्याची विचारणा झाली तेव्हा त्यांनी आधी टाळाटाळ केली. कारण काय, तर इंदुरात वाढलेल्या माणसाचे मराठी उच्चार मुंबई-पुण्याच्या कानांना चालतील का, ही शंका. राज्याबाहेर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही शंका ओळखीची वाटेल. ‘तुमचं मराठी जरा वेगळंच आहे हं’ हे वाक्य पुण्याच्या नातेवाइकांकडून ज्याने ऐकलेलं नाही असा इंदूरकर, बेळगावकर किंवा हैदराबादकर शोधून सापडायचा नाही. ज्या उच्चारांची दात्यांना धास्ती होती, त्याच आवाजाने पुढे पन्नासेक वर्षं मराठी भावगीताची ओळख टिकवली.

खळ्यांच्या नावावर आणखी एक नोंद आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला राजा बढे यांनी लिहिलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत, ज्याला सरकारने २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा दिला, त्याची चाल खळ्यांचीच. वडोदऱ्यात वाढलेल्या माणसाने महाराष्ट्राच्या राज्यगीताला चाल दिली, ही बाब वडोदऱ्याच्या मराठी घरांतही फारशी बोलली जात नाही.

बेळगाव जिल्ह्याच्या खात्यावरही जमा मोठी आहे. मराठी भावगीत घराघरांत नेणाऱ्या पहिल्या पिढीतले गजानन वाटवे यांचा जन्म बेळगावचा. सुळेभावी या गावात १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ पुढे कुमार गंधर्व झाला, क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला गेला आणि तिथलाच झाला. साठच्या दशकात बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वसंत देसाईंच्या चालीवर कुमारांनी वाणी जयराम यांच्यासोबत एक पद गायलं. कन्नड घरात जन्मलेला, माळव्यात राहणारा गवई आणि वेल्लोरच्या तमिळ घरातली गायिका, दोघांनी मिळून मराठी नाटकासाठी गायलेलं हे पद आज निरोपसमारंभात वाजतं तेव्हा कुणाच्या मनात भाषावार प्रांतरचना येत नाही.

यादी इथे थांबत नाही. लता मंगेशकर इंदुरात जन्मल्या, घराण्याचं मूळ गोव्यातल्या मंगेशीचं. दशरथ पुजारींच्या चालींवर घरगुती वाटणारी भावगीतं गाणाऱ्या सुमन कल्याणपूर यांचा जन्म ढाक्याचा. भीमसेन जोशी गदगकडचे, त्यांचा आवाज ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातून १९५३ मध्येच मराठी पडद्यावर आला होता.

रेघा त्याच वर्षांत ओढल्या गेल्या

यातली गंमत, किंवा दुखरी बाजू, तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कळते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेलं, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि हैदराबाद शहरातला मराठी माणूस आंध्र प्रदेशात राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, वडोदरा पलीकडे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. दरम्यान १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन होणार नाही हे ठरलं.

म्हणजे ज्या दहा वर्षांच्या आठवणीने मंडळाच्या सभागृहात डोळे ओले होतात, त्याच दहा वर्षांत नकाशावर पक्क्या रेघा ओढल्या जात होत्या. मोर्चे निघत होते, तुरुंग भरत होते. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र रेडिओ लावला जायचा, आणि रेडिओला तलाठ्याचा नकाशा माहीत नव्हता.

रेडिओ ऐकणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पोस्टात जाऊन दरवर्षी लायसनचे पैसे भरावे लागत, त्याचं पुस्तक असे. घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून बांधलेली. व्हॉल्व्हचा सेट, त्यामुळे बटण फिरवल्यावर दिवा लागायचा आणि आवाज यायला थोडा वेळ जायचा. तोवर बातम्यांचं पहिलं वाक्य निघून जाई. दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेला तसा रेडिओ दिवाणखान्यातून शेतात, पानाच्या ठेल्यावर आणि विडीच्या कारखान्यात पोचला.

मीडियम वेव्हची एक खोड सीमाभागाच्या पथ्यावर पडली. दिवसा या लहरी जमिनीलगत जातात आणि ठरावीक अंतरावर विरतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून त्या परत खाली फेकल्या जातात आणि शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. म्हणून दिवसभर न लागणारं मुंबई केंद्र रात्री दूरच्या गावातही लागायचं, खरखरत, मध्येच दुसऱ्या भाषेत मिसळत, पण लागायचं. ‘आपली आवड’मध्ये कुणाची फर्माईश लागली हे दुसऱ्या दिवशी गल्लीत बोललं जाई. ‘पुन्हा प्रपंच’मधले बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, म्हणजेच पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, हे तर नात्यातलेच वाटायचे.

जवळच्या केंद्रांचं जाळंही याच काळात विणलं गेलं. नागपूर १९४८, धारवाड १९५०, पुणे १९५३, इंदूर १९५५. बडोदा संस्थानाचं रेडिओ केंद्र स्वातंत्र्याआधीपासूनचं, ते पुढे आकाशवाणीकडे आलं. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा निपाणी-चिकोडीच्या पट्ट्याला दिवसाढवळ्या स्पष्ट मराठी ऐकायला मिळू लागलं. मराठवाड्यात परभणीचं केंद्र यायला १९६८ उजाडलं. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात ‘एमिसोरा द गोवा’ होतं, मुक्तीच्या वेळी ते बंद पडलं आणि जानेवारी १९६२ पासून तिथून आकाशवाणी पणजी बोलू लागली.

हिंदी गाण्यांसाठी मात्र सगळ्यांचं पंढरपूर एकच होतं, रेडिओ सिलोन. केंद्रीय नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. पन्नाशीच्या सुरुवातीला त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ हद्दपार केलं आणि श्रोता उठून शॉर्टवेव्हवर गेला. १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री आठला लागली की अभ्यास, जेवण, भांडण सगळं थांबायचं. १९५७ मध्ये सरकारने विविध भारती सुरू करून चूक दुरुस्त करायला घेतली आणि १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. एका मराठी मंत्र्याच्या अभिरुचीमुळे कोलंबोच्या केंद्राची भरभराट झाली, हा व्यवहार वाणिज्य शाखेत शिकवायला हरकत नाही.

गोव्याची दोन साठं

मराठी संगीत नाटक संपलं असं बोललं जात असताना १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ आलं. लेखक वसंत कानेटकर, निर्मिती धी गोवा हिंदू असोसिएशनची. ही १९१९ मध्ये स्थापन झालेली मुंबईतल्या गोवेकरांची संस्था. संगीत दिलं मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी, गायले म्हापशाचे रामदास कामत आणि मूळच्या गोव्याच्याच आशालता वाबगावकर. जुन्या नाट्यपदांत गायक तान घेत अर्धा तास रमायचा. अभिषेकींनी पद आखूड केलं, कथेला बांधलं, आणि रेकॉर्डच्या एका बाजूत बसेल एवढ्यात त्याचा सगळा अर्क उतरवला. १९६६ मध्ये त्याच संस्थेने शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आणलं, संगीत पुन्हा अभिषेकींचं. डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं : लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. कौल होऊन वर्षही झालं नव्हतं. गोवा महाराष्ट्राबाहेर राहिला, पण त्या वर्षी मराठी रंगभूमीचा आवाज मंगेशीच्या माणसाने घडवला.

गोव्याच्या साठच्या दशकाला दुसरीही बाजू आहे आणि मराठी कार्यक्रमांत ती सहसा येत नाही. १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ आणि १९६६ मध्ये ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट आले, दोन्हींच्या मागे फ्रँक फर्नांड. ‘निर्मोण’वरून पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ निघाला. क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या रेकॉर्ड निघू लागल्या. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मध्येच चा-चा-चा, आणि भाषा अस्सल गावची. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात नोटेशन लिहिणारे आणि वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे होते, तेच हात सुटीच्या दिवशी हे संगीत वाजवत. कौलाच्या प्रचारातही गाणी होती. उल्हास बुयांव विलीनीकरणाच्या विरोधात गावोगाव गायले. त्या काळचा विलीनीकरणवादी आणि विरोधक आज शेजारी बसून अभिषेकी ऐकतात, आणि दोघांनाही लोर्ना पाठ असते.

जे आठवणीत बसवलं जात नाही

स्मरणरंजनाच्या कार्यक्रमांचा एक दोष स्पष्ट सांगायला हवा. त्यांतलं साठचं दशक म्हणजे पांढऱ्या साडीतलं भावगीत, फार तर एखादं नाट्यपद. प्रत्यक्षात त्या दशकाची सुरुवात ढोलकीने झाली होती. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’साठी कोल्हापूरकडचे शाळामास्तर जगदीश खेबुडकर यांनी सिनेमासाठी पहिल्यांदा लावणी लिहिली, चाल वसंत पवारांची, आवाज सुलोचना चव्हाणांचा. तंबाखूच्या हंगामात निपाणीच्या बाजाराला आणि जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजला जे संगीत माहीत होतं ते हे.

भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ची (१९६५) गाणीही या मातीतली. त्यांचा संगीतकार ‘आनंदघन’. राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा हे नाव घेऊन लता मंगेशकरच चाली बांधत होत्या हे सभागृहाला कळलं. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात या चाली भावगीतापेक्षा जास्त गुणगुणल्या गेल्या असतील.

आणि वामनदादा कर्डक? डोक्यावर पेटी घेऊन वस्त्यावस्त्यांत भीमगीतं म्हणणाऱ्या माणसांचंही हेच दशक होतं. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज याच काळात तापत होता. ही गाणी ऐकायला दिवाणखाना लागत नव्हता, तिकीट लागत नव्हतं, म्हणून ती ‘सुवर्णकाळा’च्या यादीत नाहीत. मंडळाने पुढच्या वर्षी तीच तीस गाणी पुन्हा घेण्याऐवजी यातली पाच घेऊन बघावीत. पहिल्या रांगेतही पाय ठेका धरतील.

माळ्यावरच्या रेकॉर्डचं काय करायचं

आता मुद्द्याची गोष्ट. या गाण्यांच्या रेकॉर्ड राज्याबाहेरच्या मराठी घरांत आजही आहेत, माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाखाली. घर विकताना त्या भंगारात जातात. कंपनीकडे मास्टर असतील, गाणी मोबाइलवर मिळतात, मग जपायच्या कशाला, असं मुलं विचारतात. मिळतात ती गाजलेली गाणी. दुसऱ्या बाजूचं, न गाजलेलं गाणं, स्थानिक गायकाची एकुलती रेकॉर्ड, मंडळाच्या कार्यक्रमाची घरगुती टेप, हे सगळीकडे मिळत नाही.

साठच्या दशकात घरांत दोन प्रकारच्या तबकड्या मुख्यतः आल्या. जुनी ७८ फेऱ्यांची, लाखेची, जड, हातातून पडली की तुकडे. तिच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत, मराठी भावगीत एवढंच का असतं याचं उत्तर तिथेच आहे. आणि ४५ फेऱ्यांची छोटी ईपी, प्लॅस्टिकची, एका बाजूला बहुधा दोन गाणी. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधीही पुसू नये, लाख त्यात विरघळते. मऊ सुती कापड आणि अगदी थोडं स्वच्छ पाणी पुरे, मधल्या कागदी लेबलला तेही लावायचं नाही. तबकड्या एकावर एक रचून ठेवल्या की वाकतात, त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. गोवा आणि खानापूरच्या पावसात बुरशी धरते, म्हणून जुनी कागदी पाकिटं बदलावीत, पण फेकू नयेत. कारण खाली येईल.

कायद्याचा भागही समजून घेतलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ मध्ये बाजारात आलेल्या रेकॉर्डवरचा कंपनीचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. पण तेवढ्याने गाणं मोकळं झालं असं नाही. शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा, तो कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. खळे २०११ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०७१ पर्यंत. पाडगावकर २०१५ मध्ये गेले, त्यांची कविता २०७५ पर्यंत. घरच्या रेकॉर्डची स्वतःपुरती प्रत करून ठेवणं आणि ती सगळ्यांसाठी यूट्यूबवर टाकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळांनी याबाबत आधी वकिलाला विचारावं.

आठवणींवर मात्र कुणाचाच कॉपीराइट नाही, आणि त्या रेकॉर्डपेक्षा लवकर संपतायत. १९६५ मध्ये वीस वर्षांची असलेली व्यक्ती आज ऐंशीच्या घरात आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं, हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ पासूनचं. अशा संस्थांनी पुस्तकांबरोबर हा ऐवजही घ्यायला सुरुवात केली तर जागा फार लागणार नाही. घरच्यांनी करण्यासारखं काम त्याहून सोपं आहे. आजी किंवा आजोबांना रेकॉर्ड हातात देऊन मोबाइलवर बोलतं करायचं : कधी घेतली, कितीला, कुणाच्या लग्नात वाजली, रेडिओवर हे गाणं कुठल्या केंद्रावरून यायचं, तेव्हा शेजारी कोण राहायचं.

आणि जुनं पाकीट उलटून बघायचं. त्याच्या कोपऱ्यात बऱ्याचदा दुकानाचा शिक्का असतो, गावाच्या नावासकट. मराठी रेकॉर्ड खडेबाजारात, राजवाड्यावर किंवा सुलतान बाजारात विकली गेली होती याचा कागदावरचा पुरावा बहुतेक वेळा तेवढाच उरलेला आहे.